बाळपणींचें औदासीन्य आणि कुमारवयांतील थकवा
(पॅरिशच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगीं मागील पिढ्यांचे उपकार आठवावे आणि पुढील पिढीची चिंता वाहावी, अशी रीत आहे. पहिलें काम आज येथें इतर वक्त्यांनीं मजहून चांगल्या रीतीनें केलें आहे. दुसऱ्या कामाचा थोडासा भाग मीं मागून घेतला आहे. ज्या मुलामुलींविषयीं मला बोलावयाचें आहे, तीं या सभेंत अगदीं मागच्या ओळींत बसलीं असतील. किंवा अंगांत त्राण नाहीं म्हणून घरींच निजून राहिलीं असतील.

मीं पुष्कळ वर्षें शिक्षकाचें काम केलें. त्या काळांतील एक गोष्ट प्रथम सांगतों, कारण तींत दोष माझाच आहे. आठव्या इयत्तेंत माझ्या वर्गांत एक मुलगा होता. पहिल्याच तासाला त्याचें डोकें बाकावर टेकत असे. मीं विचारलें, "रात्रीं काय करतोस?" तो म्हणाला, "झोपतो, गुरुजी." "मग वर्गांत कां झोपतोस?" "झोप पुरत नाहीं, गुरुजी." मला तें उत्तर उद्धटपणाचें वाटलें. मीं त्यास चार मुलांदेखत आळशी म्हटलें, आणि पुष्कळ वेळां वर्गाबाहेर उभें केलें. दिवाळीच्या सुटीनंतर तो शाळेंत आलाच नाहीं. पुढें केव्हां तरी बाजारांत त्याची आई भेटली. तिच्याकडून समजलें कीं, दोन वर्षांपूर्वीं बाप वारल्यापासून मुलानें खेळणें, पोहणें, मित्रांत बसणें, सर्व एकेक करून सोडलें होतें. ती म्हणाली, "लेकरू रडलं नाही, गुरुजी, म्हणून आम्हाले वाटलं सावरलं." अंगाचा थकवा त्यानंतर कित्येक महिन्यांनीं आला होता. मीं पाहिला तो शेवटला अंक. आधींचे अंक पाहण्याची मीं तसदीच घेतली नव्हती.

त्या मुलाची क्षमा मागण्याची संधि मला मिळाली नाहीं. म्हणून आज तुमच्यापुढें उभा आहें.

आपला समज असा आहे कीं, दुःख हें मोठ्यांचें असतें. मुलें आज रडतात, उद्यां विसरतात. हा समज चुकीचा आहे. लहान मुलासहि औदासीन्याचा विकार जडूं शकतो, ज्यास आजचे डॉक्टर नैराश्य म्हणतात. मात्र तो मोठ्यांसारखा दिसत नाहीं. मोठा मनुष्य सांगतो, "माझें मन उदास आहे." मुलास हे शब्द सुचत नाहींत. तें चिडतें, भावंडांवर हात उगारतें, किंवा अगदीं गप्प होतें. त्याचें पोट दुखतें, डोकें दुखतें, आणि तपासणींत कांहीं सांपडत नाहीं. त्याची झोप मोडते किंवा वाढते, भूक जाते. पूर्वीं ज्या खेळासाठीं तें जेवण टाकून पळत असे, तो खेळ त्यास नकोसा होतो. अशी स्थिति दोन आठवडे किंवा अधिक काळ, बहुतेक दिवस, बहुतेक वेळ राहिली, तर तो स्वभाव नव्हे, विकार असावा असें समजून डॉक्टरास दाखवावें.

आतां दुसरी गोष्ट, दीर्घकाळचा थकवा. परीक्षेनंतरचा किंवा वेचणीच्या दिवसांतील शीण विश्रांतीनें जातो; मी त्याविषयीं बोलत नाहीं. कांहीं मुलामुलींना, विशेषतः तेराव्या-चौदाव्या वर्षानंतर, असा थकवा जडतो कीं, रात्रभर झोपूनहि सकाळीं अंग शिशाचें वाटतें. वाचलेलें ध्यानांत राहत नाहीं, उभें राहिलें कीं भोंवळ येते. थोडे श्रम केले तर त्याचा त्रास त्याच दिवशीं नव्हे, तर पुष्कळदां दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं दुप्पट होऊन येतो. हें शेवटलें लक्षण फार महत्त्वाचें आहे. ही सर्व लक्षणें एकत्र आढळतात त्या विकारास डॉक्टर दीर्घकालीन थकव्याचा विकार म्हणतात. तो पुष्कळदां एखाद्या तापानंतर सुरू होतो. २०१५ सालीं अमेरिकेंतील वैद्यकतज्ज्ञांच्या समितीनें, हा शरीराचा खरा व गंभीर आजार आहे, असा स्पष्ट निर्वाळा दिला. इंग्लंडांत २०२१ सालीं जीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध झालीं, त्यांत म्हटलें आहे कीं, मुलांत अशीं लक्षणें ४ आठवडे टिकलीं तर या विकाराची शंका घ्यावी, आणि ३ महिने टिकून दुसरें कारण न सांपडल्यास निदान निश्चित करावें.

या दोन गोष्टींचा एकमेकींशीं संबंध काय? येथें शोधकांनीं काय पाहिलें तें थोडक्यांत सांगतों.

इंग्लंडांत ११ ते १५ वर्षांच्या ८४२ मुलामुलींना एकदां प्रश्न विचारले, आणि ४ ते ६ महिन्यांनीं पुन्हां विचारले. २००७ सालीं त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पहिल्या वेळीं ज्यांचें मन चिंतेनें किंवा औदासीन्यानें ग्रासलेलें होतें, त्यांना पुढें दीर्घ थकवा जडण्याचा धोका अधिक दिसला. त्याच देशांत १९४६ सालच्या मार्च महिन्यांतील एका आठवड्यांत जन्मलेल्या मुलांचा एक समूह आहे. त्यांच्या आयुष्याची नोंद जन्मापासून ठेवली जात आहे. तीं माणसें ५३ वर्षांचीं झालीं तेव्हां त्यांना थकव्याच्या आजाराविषयीं विचारलें. ज्यांना १५ ते ३६ या वयांत मनाचा विकार झाला होता, त्यांनीं हा आजार सांगण्याचें प्रमाण इतरांहून अधिक निघालें. आणि ब्रिस्टल शहराच्या परिसरांतील १६ वर्षांच्या मुलांचा जो अभ्यास २०१६ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत दर १०० मुलांत सुमारें २ जणांस हा थकवा आढळला. परंतु ज्यांच्यांत औदासीन्याचीं लक्षणें ठळक होतीं तीं मुलें वगळतांच हें प्रमाण शेंकडा ०.६ वर आलें. म्हणजे थकलेल्या मुलांपैकीं निम्म्याहून अधिक मुलें त्याच वेळीं मनानेंहि खिन्न होतीं.

आपल्या मराठी-कोंकणी मुलखाकडे वळूं. २००५ सालीं गोव्यांतील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तो मुलांचा नव्हता, १८ ते ५० वर्षांच्या २४९४ स्त्रियांचा होता. तरी त्यांतील बोध आपल्या उपयोगाचा आहे. दर १०० स्त्रियांत सुमारें १२ जणी सहा महिन्यांहून अधिक काळ थकलेल्या आढळल्या. आपण म्हणूं, रक्त कमी असेल. त्यांचें रक्तहि तपासलें होतें. परंतु सर्व कारणें एकत्र तोललीं तेव्हां रक्तांतील हिमोग्लोबिनाशीं थकव्याचा संबंध दिसला नाहीं. संबंध दिसला तो घरांतील कर्जाशीं, अर्धपोटीं राहण्याशीं, नवऱ्याकडून होणाऱ्या छळाशीं, आणि मनाच्या व्यथेशीं. त्यांच्या अंगाचा थकवा खोटा नव्हता. त्याचें मूळ मात्र केवळ अंगांत नव्हतें.

मात्र या सर्वांवरून, "पाहा, थकवा हा मनाचाच खेळ आहे," असें कोणी म्हणेल तर तो दुसऱ्या टोकाची चूक करील. बाळपणीं उदास असलेलें प्रत्येक मूल पुढें थकव्यानें पडतें असें नाहीं. आणि थकव्यानें पडलेलें प्रत्येक मूल आधीं उदास होतें असेंहि नाहीं. कित्येक मुलें आधीं तापानें थकतात, आणि शाळा बुडाली, मित्र तुटले, लोक आळशी म्हणूं लागले, म्हणून मागाहून उदास होतात. वाट दोन्ही बाजूंनीं वाहती आहे. आधीं मन पडलें तर झोप बिघडते, खेळ सुटतो, मूल उन्हांत व माणसांत जात नाहीं, शरीराचें बळ ओसरतें. बळ ओसरलें कीं अभ्यास मागें पडतो. अभ्यास मागें पडला कीं मन आणखी पडतें. रहाटाची माळ जशी एकीमागून एक फिरते, तसें हें चालतें. तिचा पहिला पोहरा कोणता, हें पुष्कळदां डॉक्टरासहि सांगतां येत नाहीं. परंतु माळ कोठून तरी थांबवितां येते, आणि जितक्या लवकर थांबवावी तितकें बरें.

दोहोंतील एक भेद आईबापांनीं ध्यानांत ठेवावा. औदासीन्यांत मुलाची इच्छाच मावळते, "चल, मित्र आले आहेत," म्हटलें तर तें म्हणतें, "नको." केवळ थकव्याच्या आजारांत इच्छा शाबूत असते, तें उठतें, जातें, आनंदानें खेळतेंहि, आणि मग दोन दिवस अंथरुणास खिळतें. पुष्कळ मुलांत दोन्ही एकत्र असतात. तेव्हां निवाडा आपण करूं नये. पाहिलेलें मात्र डॉक्टरास नीट सांगावें.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत या विषयास एक निराळें वजन आहे. आपली काळी माती कापूस देते, पण पाऊस आणि बाजारभाव हीं दोन्हीं आपल्या हातांत नाहींत. २००६ सालीं केंद्र सरकारनें विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांसाठीं विशेष मदत जाहीर केली, त्यांत आपला जिल्हा होता. २०१५ सालीं राज्य शासनानें शेतकऱ्यांच्या मनास आधार देण्यासाठीं प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यांतहि आपला जिल्हा होता. ज्या घरांतून बाप अशा रीतीनें निघून गेला, त्या घरास कोणी धान्य दिलें, कोणी मदतीचा कागद भरून दिला. पण त्या घरांतील नऊ-दहा वर्षांच्या मुलाशीं कोणी बसून बोललें काय? मोठा मुलगा असेल तर त्यास सांगतात, "आतां तूंच घरचा कर्ता." मोठी मुलगी असेल तर तिच्या हातीं चूल आणि धाकटें भावंड येतें. आणि तीं निमूटपणें करतात, म्हणून आपण त्यांस शहाणीं म्हणतों. हीच तीं मुलें चार वर्षांनीं वर्गांत डोकें टेकतात.

यासाठीं माझें सांगणें एवढेंच आहे. थकलेल्या मुलाविषयीं दोन प्रश्न एकदमच विचारावे: याच्या रक्तांत काय आहे, आणि याच्या मनांत काय आहे? एकाचें उत्तर मिळालें म्हणून दुसरा सोडूं नये.

पहिला प्रश्न आपल्याकडे फारच आवश्यक आहे. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें देशांतील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकीं शेंकडा ५९, आणि त्याच वयाच्या मुलांपैकीं शेंकडा ३१ रक्तक्षयानें पीडित होत्या-होते. शिवाय विदर्भांत, विशेषतः आपल्या आदिवासी बांधवांत, सिकलसेलचा आजार आढळतो. त्यांतहि मूल थकतें व अंग दुखतें. त्याच्या निर्मूलनासाठीं २०२३ सालीं देशांत स्वतंत्र मोहीमहि सुरू झाली. क्षय, थायरॉईडचा विकार, मधुमेह, कावीळ, हींहि थकव्याचीं कारणें आहेत. म्हणून प्रथम तपासणी; नुसता टॉनिकचा उपाय नको. शाळेंत दर आठवड्यास लोहाची निळी गोळी मिळते, ती मुलांनीं घ्यावी.

दुसरा प्रश्न विचारण्यास यंत्र लागत नाहीं, वेळ लागतो. तो प्रश्न जेवणाच्या पंगतींत, चार माणसांपुढें विचारूं नये. शेताच्या वाटेवर, गोठ्यांत, दिवा मालवल्यावर, जेथें मुलास आपल्या तोंडाकडे पाहावें लागत नाहीं, तेथें विचारावा. "तुला काय झालें आहे?" असें न म्हणतां, "हल्लीं तुला जड जातें असें मला दिसतें," असें म्हणावें, आणि मग गप्प राहावें. मुलानें "मी नसतों तर बरें झालें असतें," असा शब्द काढला, तर तो लाडाचा किंवा धमकीचा शब्द समजूं नये. त्यास एकटें सोडूं नये, मोकळेपणानें पुढें विचारावें, आणि त्याच दिवशीं मदत आणावी.

मदत कोठें आहे? सरकारी रुग्णालयांत कुमारवयीन मुलामुलींसाठीं मैत्री क्लिनिक या नांवाची सोय आहे. यवतमाळ येथें शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय आहे. २०२२ सालापासून टेलि-मानस ही दूरध्वनीची सेवा चालू आहे; १४४१६ हा क्रमांक फिरविला असतां दिवसा-रात्रीं, मराठींत, विनामूल्य बोलतां येतें. आणि खेड्यांत हें होणें नाहीं, असें कोणी म्हणूं नये. शेजारच्या अमरावती जिल्ह्यांतील ३० गांवांत विश्राम या नांवाचा एक उपक्रम झाला. गांवांतीलच साध्या माणसांना शिकवून, औदासीन्य ओळखणें व धीर देणें हें काम त्यांच्यावर सोंपविलें. गरज असेल तेथें डॉक्टर होतेच. २०१७ सालीं त्याची हकीकत प्रसिद्ध झाली. आरंभीं औदासीन्यानें पीडित अशा १०० मोठ्या माणसांपैकीं सुमारें ४ जण मदत घेत होते. दीड वर्षानें २७ जण घेऊं लागले. जें मोठ्यांसाठीं झालें, तें मुलांसाठीं कां होऊं नये?

उपचाराविषयीं एक इशारा. उदास मुलास हळूहळू पुन्हां खेळांत व माणसांत आणणें हितकर असतें. परंतु थकव्याच्या आजारानें पीडित मुलास, "रोज थोडें अधिक धाव, म्हणजे बळ येईल," म्हणून रेटणें अपायकारक ठरूं शकतें. वर सांगितलेल्या २०२१ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनीं अशी ठराविक वाढत्या व्यायामाची पद्धति या आजारासाठीं वापरूं नये, असें सांगितलें. मुलाच्या अंगीं आज जितकी शक्ति आहे, तिच्या आंतच दिवसाची कामें बसवावीं. झोपण्या-उठण्याची वेळ शक्य तितकी ठरलेली असावी. शाळा पूर्ण सुटूं देऊं नये. दोन तास जमत असतील तर दोन तास. शिक्षकांनीं त्यास मुभा द्यावी. औषध डॉक्टर देतील तेंच, आणि ते सांगतील तोंवर. धीर धरावा, मोठ्यांच्या मानानें मुलें या आजारांतून अधिक संख्येनें बरीं होतात.

शेवटीं आपल्या घरचा एक शब्द. धर्मशिक्षणांत आपण शिकलों कीं, आळस हा सात मुख्य दुर्गुणांपैकीं एक आहे. याच शिकवणीच्या बळावर मीं त्या मुलास बाहेर उभें केलें होतें. पण त्या यादीचा इतिहास मला तेव्हां ठाऊक नव्हता. चौथ्या शतकांतील इजिप्तच्या वाळवंटांत राहणारे इवाग्रियस या तपस्व्यानें मनास ग्रासणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या. त्यांत खिन्नता आणि मनाची मरगळ या दोन्ही होत्या. सहाव्या शतकांत पोप संत ग्रेगरी यांनीं सातांची यादी केली, तींत आळसाचें नांव नाहीं. त्या जागीं खिन्नता आहे. आळस हें नांव मागाहून रूढ झालें. म्हणजे आपण ज्यास आळस म्हणतों, त्याच्या पोटांत दुःख असूं शकतें, हें जुन्या लोकांनीं ओळखलें होतें. आणि जेथें जाणूनबुजून दिलेली संमति नाहीं, तेथें गंभीर पाप नाहीं, हीहि आपलीच शिकवण आहे. आजारास संमति कोण देतो?

एलिया संदेष्ट्याची गोष्ट तुम्हांस ठाऊक आहे. तो रानांत एका झुडपाखालीं पडला, जीव नको म्हणाला, आणि झोंपी गेला. देवदूतानें त्यास बोल लावला नाहीं. त्यास भाकर दिली, पाणी दिलें, आणि पुन्हां झोपूं दिलें. मग दुसऱ्यांदा उठविलें, आणि वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे, हें त्याच्यासाठीं कबूल केलें. पुढची वाट त्यानें त्यानंतर चालली.

माझ्या वर्गांतील तो मुलगा आज मोठा झाला असेल. तो कोठें आहे, मला माहीत नाहीं. पण त्याच्यासारखें एखादें मूल उद्यां सकाळीं तुमच्या घरांत उठणार नाहीं, तुमच्या वर्गांत डोकें टेकील, किंवा रविवारीं शेवटल्या बाकावर डोळे मिटून बसेल. त्यास हाक मारण्यापूर्वीं क्षणभर थांबा. मग हळूच जवळ बसा.